टोक धरणारी

काठीवाल्यांना कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ते आपणहून आणखी दोन फांद्या वर जायचे, आणि त्यांना खाली उतरवायचं काम बायकोकडे यायचं. या वेळी ते चढले आणि बायकोनं शिडीच काढून घेतली.

झालं असं, की बंदरावरचा कप्तान त्यांच्याकडे जेवायला आला होता. हौशी लोकांना मासे पकडायला समुद्रात नेणारी त्याची बोट होती, आणि बोटीसाठी त्याला काठीवाल्यांच्या हातच्या गळाच्या काठ्या हव्या होत्या. सगळ्या हंगामाचं काम घर शोधत आलं होतं. कप्तानानं काठ्यांची तोंडभरून स्तुती केली आणि सहज विचारलं, "वहिनी पण मदत करतात वाटतं?"

काठीवाल्यांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "ही होय? ही काय, नुसतं टोक धरते."

बायकोनं त्यांच्या ताटात न मागता आणखी भात वाढला. कोणाही शहाण्या नवऱ्यानं तिथंच ओळखायला हवं होतं, पण काठीवाले भात जेवले.

"परवा येतो," निघताना कप्तान म्हणाला. "तुम्ही ब्लँक कसे निवडता ते मला डोळ्यांनी बघायचंय. पटलं तर सगळ्या काठ्या तुमच्याच."

ब्लँक म्हणजे काठीची नुसती निमुळती कांब. तिला ना मूठ असते, ना दोरा ओवायच्या कड्या. इतर काठ्यांचं कसंही भागतं, पण जिवंत आमिषाच्या काठीला कांब फार पारखून घ्यावी लागते. गळाला छोटा मासा जिवंत लावलेला असतो आणि त्यानं पाण्यात मोकळं फिरायला हवं. टोक ताठ असलं तर तो हिसके खाऊन मरतो, आणि मोठा मासा त्याला तोंडात घेताच काहीतरी काळंबेरं आहे हे ओळखून थुंकून टाकतो. म्हणून टोक मऊ लागतं. आणि मोठा मासा अडकला की त्याला वर आणायला बूड पहारीसारखं लागतं. दोन्ही गुण एका कांबीत सापडणं म्हणजे कामसू आणि कमी बोलणारा मेव्हणा सापडण्याइतकं अवघड.

काठीवाल्यांचा कारखान्याच्या छापील आकड्यांवर विश्वास नव्हता. त्यांची रीत अशी, की ते डोळे मिटून ब्लँकचं बूड धरून उभे राहायचे. टोकाला दोरा बांधलेला असायचा आणि दोऱ्याचं दुसरं टोक बायकोच्या बोटांत. बायको मासा व्हायची. कधी निवांत फिरायची, कधी घाबरून वळायची, मग मोठा मासा होऊन हळूच गिळायची. काठीवाले डोळे मिटूनच "फिरतोय", "बिचकला", "गिळला" असं सांगायचे. ज्या ब्लँकमधून सगळं नीट हाताला कळेल त्यावर खडूची खूण व्हायची. परसातल्या टाकीत आमिषाचे मासे बायकोच पाळायची, त्यामुळे कोणता मासा कधी कसा वागतो हे तिला नवऱ्याच्या स्वभावाइतकंच पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठीवाल्यांनी ब्लँकची पेटी उघडली आणि हाक मारली, "अगं, येतेस ना?"

"कशाला?" आतून आवाज आला.

"टोक धरायला."

"नुसतं टोकच धरायचंय ना? मग ते कोणीही धरेल."

एवढं बोलून तिनं मिक्सर लावला.

माफी मागितली असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. काठीवाल्यांनी मेव्हण्याला बोलावलं. तो टायरच्या दुकानात कामाला होता. त्यानं दोरा मनगटाला गुंडाळला आणि पहिल्याच हिसक्यात काठीवाल्यांना कपाटावर नेऊन आदळलं.

"अरे, मासा हो म्हटलं, बैल नको होऊस."

"मोठा मासा समजा ना, भावोजी."

"आधी छोटा तर होशील?"

मेव्हणा छोटा झाला तेव्हा इतका छोटा झाला, की दोरा हातात धरून उभ्या उभ्याच त्याला डुलकी लागली.

मग काठीवाल्यांनी दोरा टेबलफॅनच्या मानेला बांधला. फॅन इमानदारीनं डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरला. इतका शिस्तीचा मासा आजवर कोणत्याही समुद्रात झालेला नाही. शेवटी त्यांनी परसातल्या टाकीतून गुपचूप एक मासा बादलीत काढला आणि त्याच्या शेपटीला दोरा बांधायला बसले. अर्धा तास मासा जिंकत होता.

"माझ्या टाकीतला एक मासा दिसत नाही," दारातून बायको म्हणाली.

काठीवाल्यांनी मुकाट्यानं मासा परत नेऊन सोडला. आता खरं सांगायचं तर ते घाबरले होते. कप्तान उद्या येणार होता, आणि टोकाला ती नसेल तर चांगला ब्लँक आणि पडद्याची दांडी यांतला फरक त्यांना डोळे मिटून सांगता येणार नव्हता. त्याहून वाईट म्हणजे घरात ती नुसती कामापुरती बोलत होती, आणि ते त्यांना सोसत नव्हतं. पण तोंड उघडायला गेलं की आतून खोकलाच बाहेर यायचा.

कप्तान आला. खुर्ची ओढून बसला. मेव्हणा पुन्हा मनगटाला दोरा गुंडाळू लागला तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "बाजूला हो. मी धरते."

काठीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांची मानही ताठ झाली. शेवटी आलीच, असं त्यांना वाटलं. त्यांनी रुबाबात डोळे मिटले.

पहिला ब्लँक ताठ निघाला, तो बाजूला गेला. दुसरा टोकाला बरा होता पण बुडाशी लेचापेचा. तिसरा हातात घेतला आणि काठीवाल्यांचा चेहरा उजळला.

"अहाहा. फिरतोय बघा, कप्तान. अगदी निवांत फिरतोय. आता डावीकडे वळला. बिचकला. काहीतरी मोठं येतंय त्याच्या मागे... पळतोय बिचारा... थांबा, हे घ्या, गिळला. काय सुरेख गिळलाय."

मेव्हणा फिसकन हसला. काठीवाल्यांनी डोळे उघडले. दोरा जमिनीवर पडला होता. बायको स्टुलावर बसून चहा पीत होती.

"याचा दोरा मी अजून धरलाच नव्हता," ती म्हणाली.

कप्तान दोन्ही हातांनी पोट धरून हसत होता. काठीवाल्यांना वाटलं, आपणही पेटीत शिरून झाकण लावून घ्यावं. हंगाम गेला, अब्रू गेली, आणि हे सगळं मेव्हण्यादेखत झालं.

"पण हाच ठेवा," बायको कप्तानाला म्हणाली. "यांचा हात भीतीनं थरथरतोय. दुसऱ्या ब्लँकमध्ये अशी थरथर टोकापर्यंत पोचत नाही. इथे बघा, टोक कसं नाचतंय. इतकं मऊ टोक पेटीत दुसरं नसेल. आता बूड बघा."

कप्तान उठला. ब्लँकचं बूड गुडघ्याला लावून त्यानं सगळा जोर घातला. बूड हललं नाही. त्याचं हसू थांबलं. त्यानं पुन्हा एकदा जोर लावून पाहिला, मग ब्लँक जपून काठीवाल्यांच्या हातात दिला.

"मला सगळे असेच हवेत," तो म्हणाला. "पण मला एक सांगा, तुमच्याकडे ब्लँक निवडतं कोण?"

बायको कपातला उरलेला चहा बघत होती. काठीवाल्यांना पुन्हा खोकला आला. तो त्यांनी गिळला.

"हीच निवडते," ते म्हणाले. "मी नुसतं बूड धरतो. परवा जेवताना उलटं सांगितलं. चुकलो."

हे शेवटचं ते कप्तानाकडे बघून म्हणाले नव्हते.

बायकोनं कप खाली ठेवला. पदर खोचला, वाकून दोरा उचलला आणि बोटाला एक वेढा दिला.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

त्यांनी मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. आणि मग असा हिसका बसला, की काठीवाले कपाटावर जाऊन आदळले.

"मोठा आहे," ते तिथूनच म्हणाले, आणि बूड सोडलं नाही.