फ्रीझरातला केसाळ पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे, पण माझ्यात कधी आइस्क्रीम ठेवलेलं नाही. मी कीटकांच्या संग्रहालयात, मागच्या खोलीत उभा असतो. मांडणीसाठी आणलेले किडे माझ्या थंडीत गुपचूप मरतात, मग संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई त्यांना टाचणीने खोक्यात लावतात. "तुमचा फ्रीझर म्हणजे यमाची पडवी!" असं पहारेकरी काका बाईंना चिडवतात. पूर्वी मलाही त्याचं हसू यायचं.

एकदा दोन पाहुणे एकाच दिवशी आले. उष्ण जंगल आणि बर्फाळ टुंड्रा यांची तुलना एका खोक्यात मांडायची होती. जंगलातलं फुलपाखरू निळंशार, तळहाताएवढं. सडलेल्या फळांचा रस पिऊन ते काही आठवडे मिरवतं. थंडी म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसतं. टुंड्रातला पतंग मात्र करडा, अंगभर लोकर, आणि आमच्याकडे आला तो तर अजून सुरवंटच होता. तिकडचा उन्हाळा इतका आखूड, की पंख फुटायला त्याला कित्येक वर्षं लागतात. दर हिवाळ्यात तो गोठून दगड होतो आणि ऊन पडलं की पुन्हा खायला लागतो.

फुलपाखराने माझ्यात दोन-चारदा पंख हलवले आणि ते संपलं. सुरवंटाला माझी थंडी घरच्यासारखी वाटली. तो अंग आखडून झोपला. मला ते कळत होतं, पण सांगायला मला तोंड कुठे आहे?

बाईंनी त्याला बाहेर काढून टेबलावर टकटक वाजवून पाहिलं. "गेला बिचारा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टाचणी आरपार घातली. चहा पिऊन त्या परतल्या, तेव्हा सुरवंट टाचणीभोवती पाय मारत होता.

"अगं आई गं! काका, हा जिवंत आहे!"

"मग टाचणी काढा की," काका म्हणाले.

"काढली तर मरेल हो!"

बाईंना काही सुचेना, म्हणून त्यांनी त्याला टाचणीसकट परत माझ्यात ठेवलं आणि दार लावलं. खोक्यात फुलपाखराशेजारची जागा रिकामीच राहिली. माझा खालचा कप्पा त्यांनी पुन्हा उघडला नाही.

मित्रांनो, निपचित पडलेल्याला मेलेला म्हणण्याआधी जरा ऊब देऊन पाहा, एवढंच माझं मागणं आहे. मला आता ऊब सोसत नाही. वीज गेली की बाई धावत येतात, माझ्या दारावर हात ठेवून "लवकर येऊ दे रे बाबा वीज," असं पुटपुटतात. मीही मनात तेच म्हणत असतो. पण हळूहळू मी कोमट होतो आणि खालच्या कप्प्यात टाचणी पत्र्यावर खरडू लागते.