फूलमायाची रिबीन

रिबीन नव्हती. मंजुळाबाईंनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला, तरी नव्हती... लाल, आपल्याच जुन्या इरकलीच्या काठाची, दोन्ही टोकांना हातशिलाई घातलेली. नेपाळातल्या वसतिगृहाला पाठवलेल्या खोक्यात स्वेटरांच्या घडीत त्यांनी ती ठेवली होती. तिकडून आलेल्या फोटोत ती तिथल्या छोट्या फूलमायाच्या वेणीत होती – आणि देणग्यांसाठी छापायच्या कॅलेंडरच्या या कच्च्या पानावर केस मोकळे, विस्कटलेले, आणि हसू... तेही कुणी पुसून घेतलं?

"ॲपवर एका मिनिटात निघाली रिबीन, काकू," कॅलेंडर करणारी प्रेरणा मोबाईल नाचवत म्हणाली. "नटलेल्या पोरीला कोण मदत करतंय?"

गुरुवार. सूर्य मावळेपर्यंत मौन. बावीस वर्षांत मोडलं नव्हतं – यजमान गेले तो गुरुवारच होता, त्या दिवशीही त्या रडल्या त्या आवाजाशिवाय.

"आता खाली फक्त तुमच्या हातची ओळ पाहिजे," नानासाहेब म्हणाले. पुंडलिकनगरातल्या दहाबारा जणांच्या या मदत संस्थेचे ते अध्यक्ष, आणि संस्थेचं ऑफिस म्हणजे मंजुळाबाईंची ही बैठकीची खोली. "'अनाथ फूलमाया'. बस्स. तुमचं अक्षर लई देखणं, लोक थांबून वाचतेत."

अनाथ! मग पोरीचं ते पत्र? नेपाळी असलं तरी अक्षरं आपलीच. एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी ते लावलं होतं, बुबा म्हणजे बाप हे कळायला दोन दिवस गेले होते... बुबा भेटायला आले, बुबांनी रिबीन बांधून दिली, त्यांना वेणी घालता येत नाही, गाठ इतकी घट्ट की रात्री सुटेना. याच खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं, तेव्हा ह्याच नानासाहेबांनी डोळे पुसले होते – खोटारडा मेला! जिवंत बापाला मारायचं, आणि तेही माझ्या अक्षरात? रोज पहाटे ज्या हातानं देवाचं नाव लिहिते मी, त्याच हातानं?

त्यांनी पान खाली ठेवलं. मांडीवर पाटी होती, मौनाच्या दिवशी अडीअडचणीला घ्यायची. पेन्सिल मोडेपर्यंत दाबून लिहावं, हिला बाप आहे... आणि पाटीवर मघाचंच त्यांचं वळणदार अक्षर होतं. दोघं दारात आले तेव्हा लिहिलेलं. 'चहा घेणार?'

"आधीच विचारायचं होतं ना त्यांना," प्रेरणा हळूच म्हणाली.

"अगं, मंजुळाबाईला नाय म्हणणं ठावंच नाय!" नानासाहेब मोठ्यानं हसले.

खरंच होतं. सासऱ्यांपुढं, दिरांपुढं, ह्यांच्यापुढं – बाकीचे सहा दिवस तरी कधी बोललो होतो आपण? मग हे मौन बावीस वर्षं वाहिलं कुणाला? देवाला, की ह्या असल्या माणसांच्या सोयीला? त्यांनी पदरानं पाटी पुसली, पुन्हा पुसली, कोरडी खसखसून. अक्षरं गेली तरी हात थांबेना.

समोरच्या गच्चीवरच्या टाकीमागं सूर्य गेला. मंजुळाबाई उठल्या, देवापुढचं तुळशीचं पान उचलून जिभेवर ठेवलं.

"सुटलं का मौन?" नानासाहेबांनी पेन पुढं धरलं. "घ्या मग."

मौन सोडताना पहिला शब्द दत्तगुरूंचा, हा नेम. पण जिभेवर पान होतं, तिखट, आणि त्याखाली गरम काहीतरी चढत होतं, जे कुठल्याच पोथीत नव्हतं... त्यांनी देवाकडं पाहिलं. देवाचं नाव बाजूला सरून, 'नाही'ला वाट देऊन, उभं होतं.