थांबवलेला डाव

माझ्या भावाला, अल्पेशला, चाळिशी जवळ आली तरी एकच व्यसन होतं आणि तेही पोरकट. शाळेत असताना वसई स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तो नाणी टाकून ठोकळ्यांचा खेळ खेळायचा. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून नीट बसवायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. दुकान कधीच बंद पडलं. मग गेल्या दिवाळीत त्याने तोच खेळ घरच्या टीव्हीवर खेळायचं यंत्र आणलं. जूचंद्रच्या आमच्या घरात हा दाढीवाला बाप्या रोज संध्याकाळी रिमोट धरून बसायचा. मी म्हणायचे, "आता ठोकळ्यांशीच लग्न लाव." तो नुसता हसायचा.

त्या संध्याकाळी आईने त्याला पाव आणायला पाठवलं. त्याने डाव थांबवला, "कोनी हात लावू नका, आलोच," म्हणाला आणि बाईक काढली. कामणच्या रस्त्यावर डंपरने त्याला उडवलं. पाव आईने सांगितले होते, हे घरात कोणी बोललं नाही. पण तेव्हापासून ती पावाकडे बघत नाही.

थांबलेला डाव टीव्हीवर तसाच राहिला. सुतकाच्या घरात टीव्ही चालू, म्हणून आळीत कुजबुज झाली. शत्रुघ्नकाका प्लग काढायला गेले, तर आईने त्यांचं मनगट धरलं. बंद केला की डाव पुसला जातो, हे तिला ठाऊक होतं. मग लाईट गेली तरी चालावा म्हणून काकांनीच मुकाट्याने तो इन्व्हर्टरवर घेतला.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. काकांनी माझ्याकडे नि आईकडे बघून हात जोडले नि म्हटलं, "हेमांगीला नि वयनीला अंतर देनार नाय." मी म्हटलं, "आईला मी सांभाळीन." एकही कावळा हलेना. माणसाचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, आणि काय राहिलंय ते कोणाला कळत नव्हतं. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेवढ्यात मागे बायकांत बसलेली आई उठून पुढे आली.

"अल्पेश, तुजा ऱ्हायलेला खेल मी पुरा करीन. शब्द देते."

कावळा उतरला. पिंडाला शिवला.

सगळे ढसाढसा रडले. माझं मात्र धाबं दणाणलं, कारण हा खेळ पुरा होतच नाही. ठोकळे पडतच राहतात, वेग वाढतच जातो, आणि कधीतरी माणूस हरतो. त्यात जिंकणं ठेवलेलंच नाही. पिंडापुढे दिलेला शब्द मोडायचा नसतो, आणि हा शब्द कोणाच्या बापाला पाळता आला नसता. मुलगा तर गेलाच होता, आता त्याला दिलेला शब्दही मोडला या दुःखाने आई जाईल, अशी मला भीती वाटली.

तेरावं झालं आणि ती टीव्हीसमोर बसली.

"मी खेळते, तू नुसती शेजारी बस," मी म्हटलं.

"शब्द मी दिलाय."

मी तिला बटणं दाखवली. अल्पेशची रास छान सपाट होती. एका कडेला फक्त उभा लांब ठोकळा जाईल एवढी जागा त्याने रिकामी ठेवली होती. आईने डाव सुरू केला. पहिलाच ठोकळा लांब आला, अल्पेश ज्याची वाट बघत होता तोच. आईने तो आडवा टाकला. मग एकावर एक कसेही पडत गेले. त्याने रचलेलं सगळं गाडलं गेलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. आईला इंग्रजी येत नाही.

"झाला पुरा," मी म्हटलं. "जिंकलीस आई."

"खोटं बोलू नको, बाय. या खेलाला शेवट नाय. त्यानंच सांगितलेलं मना."

माझं डोकंच फिरलं. "मग शब्द कशाला दिलास? मेलेल्या पोराला फसवलंस?"

"पुरा होनारं काय बोलले असते, तं तो गेला असता."

"अगं, जायलाच हवं त्याला! त्यासाठीच करतात ना हे सगळं? तू अडकवून ठेवलंस त्याला."

"मी?" आई शांतपणे म्हणाली. "शेवट नाय ह्ये त्याला म्हाईत नव्हतं? तरी शिवला ना कावला?"

तिचा राग आला होता तो कुठच्या कुठे गेला, आणि इतक्या दिवसांत आलं नव्हतं ते रडू आलं. आईने मला रडू दिलं. मग रिमोट माझ्यापुढे धरला.

"परत लाव. नि तो लांबडा ठोकला उभा कसा करायचा, ते सांग मना."