नाव न घेता

टुं टुं टुं करत वॉशिंग मशीनने काम संपल्याची वर्दी दिली आणि मोठ्या मिनतवारीने जमवलेली दुपारची शांतता विस्कटली. पलंगाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसलेल्या तिने श्वास रोखला. शेजारी झोपलेल्या लेकीच्या पापण्या हलल्या, ओठ चाळवले. पण मुठीत धरलेली आईची बाही जागच्या जागी आहे असं कळताच स्वारी पुन्हा गाढ झाली. बाही सोडवायची तर पोर उठणार, आणि पोर उठली की अर्ज बसणार. तेव्हा ती एका हातानेच टाइप करत राहिली.

शालेय समुपदेशनाच्या एम.ए.साठी हा तिचा दुसरा अर्ज. गेल्या वर्षी नकार आला होता, तोही गोड शब्दांत: तळमळ दिसते, पण मुलांबरोबरच्या कामाचा ठोस प्रसंग दिसत नाही. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देणारी-घेणारी बाई ठोस प्रसंग आणणार कुठून, असं तेव्हा तिलाही वाटलं होतं. यंदा मात्र प्रसंग होता. आणि तो तिने जसाच्या तसा, शब्दन् शब्द उतरवला होता. मुदत आज संध्याकाळपर्यंत होती.

सातवीतली, मनगटावर बाबांचं सैल घड्याळ घालणारी एक मुलगी मधल्या सुट्टीत, मैत्रिणींना चुकवून, ग्रंथालयात येऊन बसायची. हिने तिला एकदा नव्या पुस्तकांवर लेबलं चिकटवायला दिली. डिंकाने बोटं बरबटली तशी पोरीची जीभ सैल झाली. मान वर न करताच तिने सांगून टाकलं, की घरी आईबाबा एकमेकांशी बोलत नाहीत, जे काय असेल ते तिच्यामार्फत. 'तुझ्या बाबांना सांग, गॅस संपलाय.' 'तुझ्या आईला सांग, मलाही डोळे आहेत.' आणि मग हळूच, "बाई, मी निरोप थोडे गोड करून सांगते. ते खोटं बोलणं झालं का?"

हे सगळं अर्जात होतं. नाव अर्थातच नव्हतं.

"झालं का गं तुझं?" दारातून सासूबाई कुजबुजल्या. त्यांचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं बोलणं.

"हळू, आई! वाचता का एकदा?"

सासूबाईंनी चष्मा चढवला आणि ओठ हलवत वाचायला घेतलं. वाचता वाचता डोळे पुसले. "अगं, दगडाला पाझर फुटेल! आता बघू कोण नाही म्हणतंय तुला." मग जरा थांबून म्हणाल्या, "ही आपल्या केमिस्टची थोरली ना?"

तिने लॅपटॉप पटकन स्वतःकडे वळवला. "तुम्हाला कसं कळलं? नाव कुठंय त्यात?"

"नाव कशाला हवं? बापाचं भलंमोठं घड्याळ कोपरापर्यंत चढवून फिरणारी दुसरी आहे कोण? तरीच म्हटलं, तो हल्ली दुपारचा दुकानातच का पडून असतो! परवा टेलरीणबाई म्हणत होत्या..."

"आई, नको ना."

"बरं बाई. माझ्या तोंडाला कुलूप."

"तुमच्या कुलपाच्या किल्ल्या अख्ख्या गल्लीत आहेत."

सासूबाई हसल्या, पण सुनेचा चेहरा पाहून हसू आवरलं. "नाही सांगणार गं. खरंच नाही सांगणार," म्हणत त्या मशीनमधले कपडे काढायला गेल्या.

तिने घाईघाईने अर्जातलं घड्याळ काढून टाकलं. मुलीचा मुलगा केला, सातवीची पाचवी केली. पण 'निरोप गोड करून सांगते' हे वाक्य काही बधेना. कुणाच्याही तोंडी घाला, ते त्या पोरीचंच राहत होतं. तिने मनाची समजूत घालून पाहिली. वाचणारे परक्या शहरातले, त्यांना काय ठाऊक केमिस्ट न् केमिस्टची मुलगी? पण सगळं सांगून झाल्यावर, बोटांवरचा सुकलेला डिंक सोलत पोरीने विचारलं होतं, "हे इथेच राहील ना, बाई?" आणि तिने मान डोलावली होती. ज्या कामाची पहिली पायरीच मुलांचं पोटात ठेवणं, त्या कामाला लागण्यासाठी ती पोटातलं चव्हाट्यावर मांडायला निघाली होती.

तिने तो अख्खा परिच्छेद निवडला, एकदा शेवटचा वाचला आणि पुसून टाकला.

मग तिने लिहिलं: मुलं मला काय सांगतात ते मी इथे लिहू शकत नाही. मी काय करते ते सांगते. समोरासमोर खुर्च्या मी ठेवत नाही, शेजारी शेजारी ठेवते. हाताला काम देते, लेबलं, डिंक, फाटकी पानं. का, असं विचारत नाही. आणि मुलाचं बोलून संपलं की आणखी एक पुस्तक पुढे सरकवते, म्हणजे लगेच उठून जावं लागत नाही.

कपड्यांची बादली टेकवून सासूबाई पुन्हा डोकावल्या. वाचून त्यांचा चेहरा पडला. "हे काय? ही तर डिंकाची जाहिरात झाली! ते आधीचं कुठं गेलं?"

"पुसलं."

"अगं, हातातोंडाशी आलेला घास!" मग आवाज खरंच खाली आला. "माझ्यामुळे का?"

"तुमच्यामुळे वेळेवर कळलं, आई."

नातीचा एवढासा ओला मोजा हातात घेऊन सासूबाई उगाच पिळत राहिल्या. "सगळ्यात चांगलं तेच होतं गं," अखेर म्हणाल्या. "आणि यंदाही नाही घेतलं तर?"

"तर पुढच्या वर्षी तिसरा अर्ज," ती म्हणाली. म्हणायला सोपं होतं. तिने बटण दाबलं. अर्ज गेला.

बाही ओढली गेली. लेक टक्क जागी होती, कुणास ठाऊक केव्हापासून.

"आई, तू काय पुसलंस?"

"एका ताईची गोष्ट."

"का?"

"ती तिची होती म्हणून. तिने फक्त मला सांगितली होती."

"आजी म्हणाली, तेच सगळ्यात चांगलं होतं."

"होतं खरं."

लेक सरपटत मांडीत आली, लॅपटॉप बाजूला ढकलून आपली जागा करून घेतली आणि आईच्या हनुवटीखाली डोकं खुपसलं. झोपेची ऊब अजून तिच्या केसांत होती. बराच विचार करून तिने मान वर केली.

"मग तुला छान ऐकता येतं, हे त्यांना कसं कळणार?"