काठातला केस

"कुणाचा हा?"

मादाम व्होत्रेंनी झग्याच्या काठातून ओढून काढलेला केस खिडकीच्या उजेडात धरला. हातभर लांब, राखाडी.

पॅरिसच्या त्या शिवणघरात वीसजणी बसल्या होत्या, आणि मधल्या टेबलावर एका सरदारकन्येचा लग्नाचा झगा पसरला होता. पांढरं साटिन, मागे सहा हात लोळणारा घोळ. ज्यांनी तो बेतला ते मोठे साहेब दुपारी स्वतः बघायला येणार होते.

नवरीच्या झग्याच्या काठात आपला एक केस शिवून टाकला की वर्षाच्या आत लग्न जमतं, अशी तिथल्या मुलींची समजूत. मादाम शिवणघराच्या मुख्य. त्यांनाही ते ठाऊक होतं. केस बाहेर दिसला नाही तर त्या बोलत नसत. पण राखाडी केस एकीच्याच डोक्यावर होते. पंचावन्न वर्षांची ऑक्तावी. तेहतीस वर्षं तिनं इथे काठच शिवले होते.

"अगं बाई, मावशीला नवरा पाहिजे!" शेजारची लेओंतीन ओरडली. "स्मशानाचा रखवालदार विधुर आहे. विचारू का?"

"दात आहेत का त्याला?" पलीकडून कुणीतरी म्हणालं.

केस ऑक्तावीनं शिवला नव्हता, तो गळला होता. हिवाळ्यापासून डोळ्यांपुढे धुकं साचलं होतं. टाका दिसावा म्हणून ती कापडाला नाक टेकवून बसायची. तेव्हाच तो पडून टाक्यात अडकला असणार. पण हे सांगायचं कसं? न दिसणारीला शिवणघरात कोण ठेवतं?

"माझाच, मादाम," ती म्हणाली. "हौस फिटत नाही बघा."

हसता हसता पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं. मादामसुद्धा हसल्या. ऑक्तावीला हायसं वाटलं. एवढी लाज परवडली.

"बरं, नवरीबाई, केसापायी चार बोटं काठ उसवलाय. बसा, माझ्यासमोर नीट शिवा."

मादामनी सुई पुढे केली. सुईत दोरा नव्हता.

ऑक्तावीनं दोरा ओठांत ओला केला. एकदा चुकला. पुन्हा चुकला. लेओंतीनचं हसू आधी थांबलं. ऑक्तावीला रोज सकाळी डझनभर सुया तीच ओवून द्यायची, कधी काही न विचारता. तिनं हात पुढे केला.

"तू राहू दे," मादाम म्हणाल्या.

तिसऱ्यांदाही दोरा सुईच्या बाजूनं गेला. आता कुणीच हसत नव्हतं.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"मला सांगायचं होतं."

"सांगून काय केलं असतंत, मादाम?"

मादामनी सुई तिच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाल्या, "साहेब यायच्या आत निघा, ऑक्तावी."

तिनं एप्रन सोडून घडी घातली. कात्री शिवणघराची, ती ठेवली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं पत्र्याचं अंगुस्तान स्वतःचं, ते बोटातच राहिलं. निघताना तिनं झग्याचा काठ दोन बोटांत धरला आणि घोळाच्या कडेकडेनं चालत गेली. एका जागी थांबली.

"लेओंतीन, इथला टाका सैल आहे. माझा नाही, तुझा. आवळ."

लेओंतीन वाकली. मादामही वाकल्या. त्या चार धडक्या डोळ्यांना तो टाका सापडेपर्यंत, जिन्याच्या कठड्यावर घासत जाणारा अंगुस्तानाचा आवाज तळमजल्यापर्यंत पोचला होता.