सिद्ध पेन आणि साधी वजाबाकी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती आणि गणितात बुडणाऱ्या तमाम जनतेला मिश्रणमहाराजांनी तारायचं मनावर घेतलं होतं. टेबलावर पाण्याचा पेला, पेल्यावर दोऱ्याला लोंबकळणारं सिद्ध पेन, आणि दोरा चिमटीत धरून डोळे मिटलेले महाराज.

"बोला, बालकांनो! फिकं किती, गोड किती, हवं किती? जास्त बोलू नका, स्पंदनं बिघडतात."

एक पोरगा ओरडला, "दहा टक्के साखरेचं पाणी आणि साठ टक्क्यांचं मिसळून तीस टक्क्यांचं करायचंय!"

महाराजांचे ओठ किंचित पुटपुटले. पेन डुललं. "फिक्याचे तीन भाग, गोडाचे दोन!"

पोरानं पुस्तकामागचं उत्तर पाहिलं. अगदी बरोबर! टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पेनं विकत घ्यायला रांग लागली.

बिट्टी मावशीला खेटून बसली होती. तिला औषधशास्त्र शिकायचं होतं आणि वयाची अट पाहता ही तिची शेवटचीच संधी होती. बाकीची गणितं जमायची, पण मिश्रणाचं गणित दिसलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. शेवटी मावशीनं पुस्तकं माळ्यावर टाकली. "डोकं फोडून काय मिळालं? परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, पेन तर चालतं ना!" खरं सांगायचं तर बिट्टीलाही हायसंच वाटलं होतं.

"ऊठ, तूपण विचार," मावशीनं ढोसलं.

बिट्टी उभी राहिली आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला म्हणायचं होतं, वीस आणि चाळीस मिसळून तीस. घाबरून तोंडातून निघालं, "वीस टक्के आणि तीस टक्के मिसळून चाळीस करायचंय."

पेन डुललं. "फिक्याचा एक भाग, गोडाचे दोन!"

पुन्हा टाळ्या. बिट्टी खाली बसली आणि आकडे आठवून कानकोंडी झाली. आपण चुकलो हे खरं, पण मग महाराजांनी उत्तर दिलं कसं?

"मावशी, एक चहा गोड आहे आणि दुसरा त्याहून गोड. दोन्ही एकत्र केले, तर त्या दुसऱ्यापेक्षाही गोड होईल?"

"वेडी की काय तू? वरून साखर घातल्याशिवाय कसा होईल?"

बिट्टी ताडकन उठली. "महाराज, तिसाच्या वर जाताच येणार नाही! चाळीस झाले कुठून?"

महाराजांनी एक डोळा उघडला. "बालिके, हे वरच्या पातळीवरचं मिश्रण आहे. तिथं भौतिक साखर चालत नाही."

"आणि परीक्षेत कुठली चालते?" मावशी कडाडली. सभागृहात हशा पिकला.

बिट्टी भिंतीवरच्या फळ्यापाशी गेली. तिनं खडू उचलला. "चाळिसातून तीस गेले, दहा. चाळिसातून वीस गेले, वीस. दहास वीस, म्हणजे एकास दोन. महाराज नुसती वजाबाकी करतात! मघाचंही तेच. साठातून तीस गेले तीस, तिसातून दहा गेले वीस. तिनास दोन. जे आपल्याला हव्या त्या गोडीच्या जवळ, ते जास्त घ्यायचं. जे लांब, ते कमी. हवी ती गोडी दोन्हींच्या मध्ये असली की उत्तर बिनचूक येतं. मी गडबडीत भलतेच आकडे सांगितले. पेनाला खरंच काही कळत असतं, तर त्यानं मला तिथंच टोकलं असतं."

महाराजांनी पेनं पिशवीत भरायला घेतली. आज म्हणे स्पंदनं मंद होती.

"ताई," तो मघाचा पोरगा म्हणाला, "मग हे मलाही येईल?"

"मला आलं, तर तुला का नाही येणार?" बिट्टी म्हणून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. ज्या गणितानं तिला रडवलं होतं, ते तिनं भर सभेत सोडवून दाखवलं होतं. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पुस्तकं त्याच संध्याकाळी माळ्यावरून खाली आली, आणि तीही मावशीनंच काढली.

वाचकहो, तुम्हालाही असा कुणी भेटला तर हात जोडण्याआधी त्याला एक अशक्य गणित घाला. "हे होणार नाही" असं तो म्हणाला, तरच त्याचं पुढचं ऐका.