आठ वाजताची यादी

उरवड्याच्या पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला सोपानआबा मालपोट्याला सोळा वर्षं झाली होती, आणि या सोळा वर्षांत खिडकीपुढं रांग लागली असं कधी झालं नव्हतं. कामगारानं चिठ्ठी पुढं करायची, आबानं न बघता मागं हात घालून बेअरिंग काढून द्यायचं, की झालं. मग सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर आला, आणि त्याच्या मागोमाग रांग आली.

तो चालवायला आली चंद्रकला. भरे गावची, विहाराच्या पाठीमागच्या घरातली पोर. पौडला मॅट्रिक झाली, पुण्यात जाऊन कोर्स केला. महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी घरातली ती पहिलीच. वस्तू देण्याआधी तिनं मशीनवर शिल्लक बघायची, असा हुकूम होता, आणि सकाळच्या पाळीला मशीन एकेका चिठ्ठीला तीन-तीन मिनिटं घ्यायचं. सोमवारी मॅनेजर जयसिंगसाहेबांनी रांग पाहिली नि सरळ सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत ही रांग हटली नाही तर मशीन परत जाईल. आणि बाई, तुम्ही पॅकिंगला." पॅकिंग म्हणजे रोजंदारी. आबाला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

मंगळवारी ती एसटीतून उतरली ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काखेत मारून. जेवणाच्या सुट्टीतही पुस्तकातच. आबानं मुद्दाम डिवचलं, "घोडं कुटं पेंड खातंय ते गावलं का?"

"थोडं गावलंय, आबा. समद्या नोंदी डिस्कवर हायेत. तितनं एक नोंद आणायला येळ लागतो. म्हणून मशीन नुकत्याच वाचलेल्या नोंदी जवळ ठेवून घेतं, मेमरीत. तुमी न्हाई का, रोजच्या बेअरिंगा खिडकीपाशी मांडता? पर मशीन बसवणाऱ्यानं ही खिडकीपाशी ठेवायची जागा वीतभरच दिलीया."

ती जागा तिनं वाढवली. पहिल्यांदा इतकी वाढवली की मशीनला स्वतःच्या कामाला जागाच उरली नाही, आणि ते पार बसलं. आता ही रडणार, असं आबाला वाटलं. कुठली रडतेय! वहीतला आकडा खोडून तिनं निम्मा केला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. शंभर नोंदी मागितल्या तर किती जवळच सापडल्या, ते दर वेळी मोजायची, लिहायची, आणि आकडा पुन्हा थोडा हलवायची. असं चार वेळा. बुधवारी दुपारी चिठ्ठी पाच सेकंदांत सुटायला लागली. चोख काम कशाला म्हणतात ते आबाला कळत होतं. त्यानं तोंडात बोट घातलं. "लई गुणाची हायेस तू," तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटलं.

पण गुरुवारी सकाळी पुन्हा रांग. यादी संपल्यावर चंद्रकला त्याच्याकडं आली. "आबा, सकाळची यादी सांजच्याला काढली तर चालंल का?"

आता या यादीचं सांगायला हवं. आबाचा नेम होता. खिडकी उघडायच्या आधी हातात उदबत्ती घेऊन पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत फेरी मारायची, एकही खण चुकवायचा नाही. मशीन आल्यावर त्यानं हट्ट धरला, की मशीननंही आठच्या ठोक्याला आठ हजार वस्तूंची अख्खी यादी छापायची. प्रिंटर दीड तास करकरायचा. यादी हलवायची म्हणताच आबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"स्टोअरचा दिवस तिनंच सुरू हुतो. तिला हात लावायचा न्हाई." चंद्रकलानं मान डोलवली आणि ती जागेवर जाऊन बसली.

शनिवारी साहेब आठलाच येऊन उभे राहिले. प्रिंटर करकरत होता, रांग दारापर्यंत गेली होती. चंद्रकलाची वही उघडी पडली होती आणि आबाची नजर सहज तिच्यावर गेली. दुपारी शंभरात ब्याण्णव. सकाळी यादी चालू असताना एकतीस. यादी संपल्यावर पुन्हा ब्याण्णव. गुरुवार-शुक्रवार, दोन्ही दिवस तेच. आबाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. यादी आठ हजार नोंदी एकामागून एक ओढत होती. वर्षभर कुणी न मागितलेलं सामान खिडकीपाशी येऊन बसत होतं आणि रोजचं मागं ढकललं जात होतं, तेही ऐन गर्दीच्या वेळी.

"बाई, सोमवारपासून पॅकिंग," साहेब म्हणाले. चंद्रकला उठली, पुस्तक काखेत घेतलं. यादीबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

"साहेब, थांबा," आबा म्हणाला. "चूक माजी हाय. पोरी, यादी बंद कर."

"आबा, फेरी अर्धीच ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे."

तिनं उभ्या उभ्याच दोन-चार बटणं दाबली. प्रिंटर थांबला. पहिल्या काही चिठ्ठ्या रेंगाळल्या, मग सुटायला लागल्या. दहा मिनिटांत खिडकीपुढं तीन माणसं उरली.

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होय."

"मग बोलला का नाहीत?"

"आबांना विचारलं होतं. ते नको म्हणाले. स्टोअर त्यांचं आहे, साहेब."

सोळा वर्षांत आबाला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाचा इतका अभिमानही. तो साहेबांच्या पुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, हिला पॅकिंगला धाडायचं असंल तर आदी मला धाडा."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी तिच्या खुर्चीकडं हात केला.

"बसा, बाई. ही तीन माणसं खोळंबलीत."